वाचकांचे प्रश्न : कम्पोनंटची स्टाइल ठेवायची कुठे?

प्रश्न : आमच्या रिअ‍ॅक्ट (वेबपानं बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) प्रकल्पात साठेक कम्पोनंट, म्हणजे बटणासारखे पानाचे सुटे भाग, झाले आहेत आणि सगळं सीएसएस, म्हणजे रंग-मापं ठरवणारे नियम, एकाच फाइलमध्ये आहे. एका पानावरचं बटण दुरुस्त केलं की दुसऱ्या पानावरचं बिघडतं. सीएसएस मॉड्यूल, टेलविंड की स्टाइल्ड-कम्पोनंट्स?

उत्तर : तुमच्यासाठी सीएसएस मॉड्यूल. यात क्लासची नावं फक्त आपापल्या फाइलपुरती राहतात; टेलविंडमध्ये तयार छोटे क्लास थेट मार्कअपमध्ये लिहितात; स्टाइल्ड-कम्पोनंट्स सीएसएस जावास्क्रिप्टमध्येच लिहू देते. साध्या सीएसएसमध्ये क्लासचं नाव (नियम कशाला लागू होतो ते सांगणारी खूण) सगळ्या पानांना सामाईक असतं, म्हणून बटण बिघडतं. ही टक्कर तिन्ही पर्याय टाळतात. फरक आहे तो स्टाइल कधी तयार होते यात. मॉड्यूल आणि टेलविंड बिल्डच्या वेळीच (साइट प्रकाशित करण्याआधी कोड तयार होताना) साधी सीएसएस फाइल काढून देतात. स्टाइल्ड-कम्पोनंट्स ते काम कम्पोनंट रेंडर होताना (पडद्यावर काढला जाताना) करते आणि प्रत्येक वेगळ्या व्हॅल्यूसाठी नवा क्लास बनवते. रुंदी सतत बदलत राहिली, तर २०० क्लास ओलांडल्यावर ती स्वतःच कन्सोलमध्ये इशारा देते. नव्या कामासाठी ती घेऊ नये.

मॉड्यूलचा मोठा फायदा म्हणजे लिहिलेलं सीएसएस फेकावं लागत नाही. एकेक कम्पोनंट घ्या, त्याचे नियम वेगळ्या फाइलमध्ये हलवा आणि फाइलच्या नावाचा शेवट ‘.मॉड्यूल.सीएसएस’ असा ठेवा (अर्थात इंग्रजी अक्षरांत). हा शेवट चुकला की क्लास पुन्हा सामाईक होतात, आणि काही सेटअपमध्ये एररही येत नाही. रीसेट (ब्राउझरच्या मूळ स्टाइल पुसणारे नियम) आणि रंगांचे व्हेरिएबल मात्र जुन्या फाइलमध्येच राहू द्या. प्रोग्रेस बारच्या रुंदीसारखी चालू असताना बदलणारी व्हॅल्यू स्टाइल अ‍ॅट्रिब्यूटमधून सीएसएस व्हेरिएबलमध्ये द्या. क्लास एकच पुरतो.

खरी डोकेदुखी पुढे आहे. पानाने बटणाला बाहेरून आपला क्लास दिला, तर दोन्ही क्लासचं वजन सारखंच. जो नियम नंतर लोड होतो तो जिंकतो. पानांचं कोड-स्प्लिटिंग (प्रत्येक पानाचा कोड वेगळा लोड होणं) असेल तर हा क्रम डेव्हलपमेंटमध्ये एक आणि प्रॉडक्शनमध्ये दुसरा असू शकतो. ‘इम्पॉर्टंट’ ही नियमाला जबरदस्तीने जिंकवणारी खूण लावून वेळ मारून नेऊ नका. कॅस्केड लेयर (नियमांचे गट, ज्यांत नंतरचा गट जिंकतो) वापरा. २०२२पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत ते चालतात. सर्वांत आधी लोड होणाऱ्या फाइलमध्ये एकाच ओळीत लेयरचा क्रम जाहीर करा : आधी रीसेट, मग कम्पोनंट, शेवटी पान. लेयरबाहेर राहिलेला साधा नियम लेयरमधल्या साध्या नियमाला हरवतो, म्हणून रीसेटही लेयरमध्येच हवा. अर्धवट स्थलांतरात नेमकं हेच राहून जातं.

प्रश्न : टेलविंडमध्ये रंगाचं नाव प्रॉपमधून (कम्पोनंटला बाहेरून दिलेल्या व्हॅल्यूमधून) घेऊन क्लास जोडतो, पण रंग दिसत नाही.

उत्तर : टेलविंड तुमचा कोड चालवत नाही, नुसता मजकूर म्हणून वाचतो. तुकडे जोडून बनलेलं नाव त्याला फाइलमध्ये कुठेच सापडत नाही, म्हणून तो नियमच तयार होत नाही. प्रॉपच्या प्रत्येक व्हॅल्यूसमोर पूर्ण क्लास लिहिलेला एक ऑब्जेक्ट ठेवा आणि त्यातून निवडा. कधीमधी रंग दिसतोही. तोच क्लास दुसऱ्या एखाद्या फाइलमध्ये पूर्ण लिहिलेला असतो, एवढंच.