सल्लागार की मार्गदर्शक?

प्रश्न असा आला आहे: मानवी हक्क आणि लोकशाहीसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचं माहितीपत्रक मराठीत करायचं आहे. संस्थेच्या पाठीशी उभ्या असलेल्या जाणकारांना 'सल्लागार' म्हणावं, की 'मार्गदर्शक'? 'सल्लागार' फारच कर-सल्लागार, विमा-सल्लागार यांच्यासारखं वाटतं, अशी तक्रार आहे.

तक्रारीत तथ्य आहे. हल्ली 'सल्लागार' म्हटलं की आधी फी आठवते. तरी मी सल्लागारच म्हणेन.

'सल्ला' अरबी 'सलाह'वरून आला, 'गार' हा फारसी प्रत्यय. गुन्हेगार, मददगार यांतला. 'मसलत' त्याच अरबी धातूतली, त्यामुळे 'सल्लामसलत' ही एका घरच्या दोन बहिणींची जोडी. फक्त मसलतीला मराठीत कटाचा वास चिकटला, सल्ला बिचारा स्वच्छ राहिला. संस्कृतातला जवळचा शब्द 'मंत्र', म्हणजे गुप्त विचारविनिमय. 'मंत्री' हा मुळात सल्ला देणारा. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत वाकनिसाला, म्हणजे राजाच्या रोजच्या नोंदी ठेवणाऱ्याला, मंत्री म्हटलं गेलं, तेव्हा तो अर्थ फार दूर गेला नव्हता. आजच्या मंत्र्यांना मात्र वेगळे सल्लागार नेमावे लागतात!

सल्ला घेतला तरी तो मानायलाच हवा असं नाही, हा या शब्दाचा गाभा. 'सल्ला दिला, ऐकला नाही' हे वाक्य आपण रोज बोलतो. 'मार्गदर्शन केलं, पण ऐकलं नाही' म्हणताना जीभ जरा अडखळते, कारण मार्गदर्शक पुढे चालतो आणि बाकीचे त्याच्या मागून जातात. सर्वांना समान मानणाऱ्या संस्थेला ही रांग शोभत नाही. शिवाय कार्यक्रमपत्रिकांवरच्या 'मान्यवर मार्गदर्शन करतील'नं तो शब्द पार गुळगुळीत करून टाकला आहे.

सल्ला बंधनकारक झाल्याचं एक ठळक उदाहरण आपल्याच राज्यघटनेत आहे. अनुच्छेद 74 नुसार मंत्रिपरिषद राष्ट्रपतींना सल्ला देते. 1976 च्या 42 व्या दुरुस्तीनं राष्ट्रपतींनी त्या सल्ल्यानुसारच वागायचं, असं स्पष्ट लिहिलं. 1978 च्या 44 व्या दुरुस्तीनं एकदा फेरविचारासाठी परत पाठवायची मुभा दिली, पण फेरविचारानंतर आलेला सल्ला मानावाच लागतो. तिथे 'सल्ला' हा नावापुरताच सल्ला.

उलट टोकाला व्हेनिस आयोग. युरोप परिषद या युरोपीय देशांच्या संघटनेनं 1990 मध्ये स्थापलेली ही सल्लागार संस्था देशांच्या राज्यघटना आणि निवडणूक कायदे तपासून मत देते. मत वजनदार, सक्ती शून्य. इथे 'मार्गदर्शक आयोग' लिहून पाहा, लगेच खटकेल.

आता तुमच्या यादीतली काही मंडळी प्रत्यक्षात सल्ला देत नसतील, फक्त नाव देऊन बळ देत असतील, तर त्यांना 'पाठीराखे' म्हणा. 'आश्रयदाते' नको, त्यात वर्गणीची पावती दिसते. 'हितचिंतक' लग्नपत्रिकेला बरा. आणि लेटरहेडच्या डाव्या कडेला बारीक टायपात नावं छापणार असाल, तर वर 'सल्लागार मंडळ' आणि खाली 'पाठीराखे' असे दोन वेगळे मथळे द्या. एकाच मथळ्याखाली सगळे कोंबलेत, तर कुणाचा सल्ला खरंच घेतला जातो ते वाचणाऱ्याला कळणार नाही.