फ्रेम पाठवायची की विकायची? आधी खोकं मोजा

प्रश्न : पुण्याहून बंगळूरला बदली झाली आहे. सायकलची चाकं आणि सुटे भाग विकले. राहिली ती २८,०००ला घेतलेली स्टीलची टूरिंग (लांबच्या प्रवासाची) फ्रेम आणि फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा. इथे १०,०००चं गिऱ्हाईक आहे. कुरिअरवाला ४२ किलोचे, किलोला ६०प्रमाणे २,५२० अधिक जीएसटी मागतोय. फ्रेम तर फोर्क धरून पाच किलोही नाही! विकून टाकू का?

उत्तर : ४२ हा आकडा काट्यावरचा नाही, टेपवरचा आहे. लांबी, रुंदी, उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार भागिले ५०००; हे वजन आणि खरं वजन यांतलं जास्त असेल त्याचे पैसे लागतात. तुम्ही दुकानातून नव्या सायकलचं अख्खं खोकं आणलेलं दिसतंय. १४०×२०×७५ म्हणजे बरोबर ४२. तेच कापून ९५×१८×६० करा : २१ किलो, १,२६० रुपये; १८ टक्के जीएसटी धरून साधारण १,४९०. भाजक आधी विचारून घ्या. तो ४००० असेल तर हेच खोकं २६ किलोचं होतं. आणि कोंबून भरू नका. पोट फुगून १८चे २२ सेंटिमीटर झाले, की पाच किलो वाढलेच.

फोर्क, सीटपोस्ट काढा; डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग जिला लटकतो ती पट्टी) सुटा असेल तर तोही. हेडसेटची (फोर्क फिरतो त्या सांध्याची) बेअरिंगं निघाली त्याच क्रमाने एका पिशवीत ठेवा. मागच्या ड्रॉपआउटमध्ये, म्हणजे चाकाचा आस बसतो त्या दोन खाचांमध्ये, प्लॅस्टिकचा स्पेसर हवाच, नाहीतर वर माल रचला की ड्रॉपआउट आत दबतात. नव्या सायकलींबरोबर हे स्पेसर येतात. दुकानदार बहुधा फुकट देतो. नळ्यांना एसीच्या पायपावरचा काळा फोम घाला. फोर्क झिप टायने फ्रेमला आवळा आणि त्याच्या टोकांपाशी पुठ्ठ्याचे तीन-चार थर द्या. खोकं फाटतं ते तिथूनच. सामानाला तीनेकशे रुपये धरा.

म्हणजे १,८००च्या आत फ्रेम पोचते. विकलीत, तर पुन्हा तशीच घेताना जुन्याच भावाने, २८,०००तून हे १०,००० वजा जाता, १८,००० खिशातून जातील. तेव्हा पाठवा. अट एकच : चाकं, गिअर, ब्रेक यांचे पैसे वर्षभरात बाजूला निघणार असतील तर. ते या फ्रेमपेक्षा सहज जास्त होतात. निघणार नसतील, तर १०,००० घ्या. भिंतीला टांगलेल्या फ्रेमचा भाव दरवर्षी उतरतो.

घोषणापत्रावर ‘वापरलेली वैयक्तिक वस्तू, विक्रीसाठी नाही’ असं लिहा. पावतीवर ‘ओनर्स रिस्क’ असेल तर वाकलेल्या फ्रेमचा भुर्दंड तुमचाच, म्हणून विमा वेगळा विचारा. खोकं बंद केल्यावर तिन्ही बाजूंना मोजायची टेप लावून फोटो काढा, पुढे पुन्हा मोजून जादा बिल आलं तर दाखवायला.