आठवीच्या मुलांना हवामानबदलाचा परिसंस्थेवरचा परिणाम कसा शिकवावा?

ध्रुवीय अस्वल बाजूला ठेवा, कासव घ्या. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाचं पिल्लू नर की मादी, हे घरट्यातल्या वाळूचं तापमान ठरवतं: साधारण २९-३० अंशांच्या वर माद्या जास्त, खाली नर जास्त. मग मुलांनाच विचारा, वाळू तापतच गेली तर? ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांच्या लहान पिढीत ९९ टक्क्यांहून जास्त माद्या असल्याचं २०१८च्या अभ्यासात दिसलं.

प्रयोगही सोपा आहे. वाळूचे दोन ढीग, एक उन्हात, एक सावलीत. वीतभर खोल थर्मामीटर (प्रयोगशाळेतला, तापाचा नव्हे) खुपसून आठवडाभर दुपारी नोंदी. तक्ता मुलांनीच करावा, तुम्ही नाही. रत्नागिरीकडे असाल तर मार्च-एप्रिलमध्ये वेळासला सहल काढा, पिल्लं समुद्रात जाताना बघता येतात.