ओटीपोट सतत दुखतं, रिपोर्ट सगळे नॉर्मल, केगल केल्यावर दुखणं आणखी वाढलं. आता काय करू?

नमस्कार. दीड वर्षापासून ओटीपोटात डावीकडे दुखतं, बसलं की वाढतं, दोनदा सोनोग्राफी आणि एकदा कोलोनोस्कोपी करून काही निघालं नाही, शेवटी एका डॉक्टरांनी 'पेल्विक फ्लोअर डिस्फंक्शन' म्हणून केगल, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडण्याचे व्यायाम, करायला सांगितले आणि महिनाभरात दुखणं उलट वाढलं, असं तुम्ही लिहिलंय. मी डॉक्टर नाही, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. पण याच दुखण्याने माझी चार वर्षं खाल्ली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी केगल थांबवा. निदान कोणी तुमचे स्नायू प्रत्यक्ष तपासून 'करा' म्हणेपर्यंत तरी.

पुढच्या जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे बांधलेले स्नायू म्हणजे पेल्विक फ्लोअर. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय या झोळीच्या आधाराने असतात. झोळी सैल पडली की खोकताना लघवी सुटते, अंग बाहेर येतं. आर्नोल्ड केगल या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ मध्ये जे व्यायाम मांडले ते अशा सैल पडलेल्या स्नायूंसाठी, बाळंतपणानंतर लघवी सुटणाऱ्या बायकांना डोळ्यांसमोर ठेवून. पण हेच स्नायू सतत आवळलेलेही राहू शकतात. मग त्यांच्यात गाठी धरतात, ते दमतात आणि दुखतात. पोटरीत गोळा आला तर आपण पोटरी आणखी आवळत नाही, चोळून सोडवतो. केगलने दुखणं वाढलं यावरून तुमचे स्नायू आवळलेले असण्याचीच शक्यता मला जास्त वाटते. माझेही तसेच होते.

माझं कारण अगदी साधं होतं. सकाळी साडेसहाची एसटी, दीड तासाचा प्रवास आणि शाळेत वापरण्याजोगं स्वच्छतागृह नाही. दुपारी अडीचला घरी पोहोचेपर्यंत पाणी प्यायचं नाही आणि लघवी धरून ठेवायची. अकरा वर्षं असंच चाललं. त्यात 'पोट आत घे' हे लहानपणापासून ऐकलेलं आणि परकराची नाडी करकचून बांधायची सवय. स्नायूंना सैल व्हायला दिवसभरात वेळच मिळत नव्हता. पुढे लघवीला जळजळ सुरू झाली. तीनदा अँटिबायोटिक्स घेतली, लघवीतल्या जंतूंची तपासणी (कल्चर) दोनदा केली, ती मात्र दोन्ही वेळा स्वच्छ. घरी वायू समजून पोटाला हिंग लावून झाला, ओवा खाऊन झाला. एका डॉक्टरांनी 'टेन्शन घेऊ नका' म्हणून परत पाठवलं. रिपोर्ट नॉर्मल आला की आपल्या दुखण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि हळूहळू आपलाही स्वतःवरचा विश्वास उडतो. तुमचं दुखणं खरं आहे. आवळलेला स्नायू साध्या सोनोग्राफीत दिसत नाही, एवढाच त्या नॉर्मल रिपोर्टचा अर्थ.

शेवटी पुण्यात एका पेल्विक हेल्थ फिजिओथेरपिस्टकडे गेले. ही तपासणी कशी असते ते सांगते, कारण त्या भीतीने मी तीन महिने टाळाटाळ केली होती. तिने आधी अर्धा तास नुसतं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही थांब म्हणाल तिथे मी थांबेन." कुठलंही उपकरण नाही, हातमोजा घातलेलं एकच बोट. योनीच्या आत डाव्या भिंतीवरच्या एका स्नायूवर तिने हलकेच दाबलं आणि कळ आली ती पुढे पोटात, बेंबीच्या खाली डावीकडे, चार वर्षं मी बोट ठेवून जी जागा दाखवत होते नेमकी तिथे. मी तोंड उघडायच्या आत तिनेच विचारलं, "आत्ता पोटात दुखलं ना?" मला रडूच फुटलं. माझं दुखणं कोणाच्या तरी हाताला लागलं होतं.

दुखणं एकीकडे आणि मूळ दुसरीकडे, हा या स्नायूंचा नेहमीचा प्रकार आहे. त्यामुळे पोट, लघवी, आतडी यांच्या वेगवेगळ्या डॉक्टरांकडे आपण वर्षानुवर्षं फिरतो. पुरुषांनाही हे होतं, आणि त्यातले कितीतरी जण प्रोस्टेटची औषधं घेत राहतात.

आता उपचारांबद्दल. तिने आठवड्यातून एकदा बोटाने त्या गाठी सोडवल्या, पण खरं काम केलं ते घरी रोज घेतलेल्या श्वासाने. जमिनीवर उताणं झोपायचं, पोटऱ्या खुर्चीवर टेकवायच्या, एक हात बरगड्यांवर. श्वास आत घेताना बरगड्या बाजूला फुलतात, छाती आणि पोट यांच्यामधला पडदा खाली येतो, पोट वर येतं आणि त्याबरोबर खालची झोळीही किंचित खाली उतरते. लघवी सुरू होण्याच्या क्षणी जे सैल होतं, तेच इथे जाणवायला हवं. जोर लावून खाली ढकलायचं नाही. श्वास सोडताना काही आवळायचंही नाही, नुसतं सोडून द्यायचं. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं. पहिले पंधरा दिवस मला खाली काहीच कळत नव्हतं, वेळ फुकट चाललाय असं वाटायचं. मग एका रात्री अचानक तिथे ऊब उतरल्यासारखं वाटलं. त्यानंतर दिवसभरात आपण केव्हा केव्हा आवळतो ते कळायला लागलं: गॅससमोर दूध उतू जाईल म्हणून उभी असताना, फळ्यावर लिहिताना, एसटीने ब्रेक मारला की. कळलं की तिथल्या तिथे एक श्वास घेऊन सोडायचं.

योगाच्या वर्गाला जात असाल तर मूलबंध आणि अश्विनी मुद्रा सध्या करू नका. त्यातही हेच स्नायू आवळले जातात. मला बालासन, आनंद बालासन आणि गुडघ्यांखाली उशा घेऊन सुप्त बद्धकोनासन मानवलं. मलासन टाचांखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन, तेही गुडघे कुरकुरत नसतील तरच.

बद्धकोष्ठ असेल तर त्याच्याकडे आधी बघा. गुदाशयाला मागून वेढा घालणारा एक स्नायू असतो. तो सैल झाला तरच वाट सरळ होते, आणि उकिडवं बसल्यावर तो जास्त सैल होतो. देशी संडास असेल तर उत्तम. कमोड असेल तर पायाखाली वीतभर उंच स्टूल घ्या आणि पुढे झुकून बसा. कुंथू नका. इसबगोल घेत असाल तर भरपूर पाण्याबरोबर. बाहेरच्या घाणेरड्या कमोडवर आपण अधांतरी बसतो, तेव्हा स्नायू आवळलेलेच राहतात आणि लघवी नीट होत नाही. मी पर्समध्ये कागदी सीट कव्हर ठेवायला लागले. मुंबईत बायकांनी स्वच्छतागृहासाठी 'राइट टू पी' ही चळवळ चालवली, तिचं मोल मला हे दुखणं मागे लागल्यावर कळलं. शाळेत मुख्याध्यापकांच्या मागे लागून एक स्वच्छतागृह दुरुस्त करून घेतलं, आणि हा माझ्या उपचाराचाच भाग होता असं मी मानते.

दुखणं उसळतं तेव्हा ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी, नाहीतर कोमट पाण्याच्या टबात पंधरा मिनिटं. एका जागी अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नका. मला डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलीन अगदी कमी डोसमध्ये दिलं होतं. हे नैराश्याचं औषध म्हणून मी घाबरले होते, पण कमी डोसमध्ये ते नसांच्या जुनाट दुखण्यावर देतात. सुरू करणं आणि बंद करणं, दोन्ही डॉक्टरांना विचारूनच.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण शरीरसंबंधाच्या वेळी दुखत असेल तर तेही याचाच भाग असू शकतं. सहन करू नका. दुखण्याच्या भीतीने स्नायू आणखी आवळतात. फिजिओने माझ्या नवऱ्याला एका भेटीला बोलावून नीट समजावलं, त्याने आमच्या घरातला बराच ताण उतरला.

एक गोष्ट मात्र नक्की करा. सोनोग्राफी नॉर्मल असली तरी एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) असू शकतो. पाळीत दुखणं असह्य होत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना तसं स्पष्ट विचारा. जननेंद्रियांच्या टीबीचंही विचारून घ्या, आपल्याकडे तो दुर्मीळ नाही. लघवीतून किंवा शौचातून रक्त, ताप, कारण नसताना वजन उतरणं, पाळी चुकून पोटात कळा येणं, मांड्यांच्या मध्ये बधीरपणा किंवा अचानक लघवी अडणं, यातलं काही झालं तर व्यायाम बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जा.

मला पहिला फरक जाणवायला दोन महिने लागले. वर्षभरात दुखणं दहापैकी सातवरून दोनवर आलं. पाळीच्या आधी आणि लांबच्या प्रवासानंतर अजूनही डोकं वर काढतं.

फिजिओथेरपिस्ट शोधताना फोनवरच दोन प्रश्न विचारा: तुम्ही आतून तपासणी करता का, आणि आवळलेल्या स्नायूंवर उपचार करता का? सगळ्यांना सरसकट केगल देणारी व्यक्ती तुमच्या कामाची नाही. गाव लांब असेल तर निदान श्वासाचा व्यायाम व्हिडिओ कॉलवर शिकता येतो.

आणि जाण्याआधी आठवडाभर एका वहीत लिहून ठेवा: पाणी कधी प्यायलात, लघवीला कधी गेलात, किती वेळ बसलात, कधी किती दुखलं. माझी वही त्या फिजिओने शांतपणे वाचली आणि विचारलं, "रविवारी तुम्हाला दुखत नाही का?" मी वही हातात घेऊन पाहिली. सोमवार ते शनिवार सहा-सात, रविवारी तीन. चार वर्षांत माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं.