सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळावरून गोंदियाच्या बिरसी विमानतळापर्यंत अंतर किती आणि विमानाला वेळ किती लागेल?

हवाई अंतर साधारण 940 किमी. नकाशावर सरळ रेघ मारली तर सोलापूर-नांदेडच्या बाजूने जाते. एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं प्रवासी विमान, ताशी 500 किमीच्या आसपास उडतं, म्हणजे चढउतार धरून सव्वादोन तास, एअरबससारखं मोठं जेट असेल तर दीड-पावणेदोन. पण हे कागदावरचं, कारण या दोन गावांमध्ये थेट विमानच नाही. 70 सीटचं विमान तरी कोण भरणार?

मी चिपीला लागून असलेल्या परुळ्याचा, नोकरी गोंदिया जिल्ह्यात, त्यामुळे हा प्रश्न माझा रोजचा आहे. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये चिपी सुरू झालं तेव्हापासून आमच्या दादाचं एकच, दारात विमानतळ आसा, तरी तुका वेळेर येवक जमला नाय? त्याला वाटतं गोंदियात बसलो की चिपीच्या सड्यावर उतरलो. एका चतुर्थीला रात्रभर विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला आलो, तिथून चिपीचं विमान पकडलं. मुंबई ते चिपी 350 किमी, दीड तासाच्या आतलं काम. खाली आलो तेव्हा ढगांच्या फटीतून कर्लीची खाडी दिसली, नारळाची झाडं दिसली, शेजारच्या आजींनी बांगड्या सावरून हातपण जोडले, आणि विमान परत वर! घिरट्या मारल्या, पुन्हा प्रयत्न, पुन्हा वर, आणि शेवटी सगळ्यांना घेऊन परत मुंबई. पायलटने बरोबरच केलं, दिसत नसेल तर उतरायचं नसतंच. कोकण रेल्वे फुल्ल, मग रात्रीची बस, आणि घरी पोचलो तेव्हा गणपती बसून आरतीपण झालेली. दादा वर्षभर बोलला नाही धड.

म्हणून सांगतो, किलोमीटर भागिले स्पीड हा हिशोब डोक्यातून काढून टाका. दोन्ही टोकांना विमानतळ आहेत म्हणजे प्रवास सोपा झाला असं नाही, मधली जोडणी लागते, आणि पावसाळ्यात कोकणात ती कधी तुटेल सांगता येत नाही. ज्याने गोंदियाहून कधी प्रवासच केला नाही त्याने घरी बसून वेळ सांगू नये, मग तो थोरला भाऊ का असेना.

सणाला वेळेवर पोचायचंच असेल तर महाराष्ट्र एक्सप्रेसने कोल्हापूर गाठा, पूर्ण एक दिवसाच्या वर लागतो पण गाडी एकच, आणि कोल्हापूरहून फोंडा घाटाने एसटी. घाटाची अवस्था आधी विचारून घ्या, पावसात दरड येते. आणि हो, उन्हाळ्या-हिवाळ्यात विमानाने जायला माझी काही ना नाही, फक्त बिरसी आणि चिपी दोन्हीकडची उड्डाणं सारखी बदलत असतात, बंदपण पडतात, तेव्हा जुन्या माहितीवर तिकीट काढू नका आणि मधे एक मुक्काम धरूनच निघा.