नेदरलँड्समधील रो-हाउस खरेदी: वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

नोकरीनिमित्त आइंडहोवन, उट्रेख्त, रॉटरडॅम आणि ॲम्स्टरडॅमच्या परिसरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांकडून घरखरेदीविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. सर्व प्रश्न एकाच प्रकारच्या घराविषयी आहेत: दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, पुढे हातभर अंगण, मागे छोटी बाग आणि सामानाची खोली, खाली बैठक व स्वयंपाकघर आणि वर तीन शयनगृहे असलेले दुमजली किंवा माळ्यासह तिमजली रो-हाउस. बहुतेक पत्रांत किमतीची चौकशी आधी येते आणि घराची नंतर. हा क्रम उलटा असावा असे माझे ठाम मत आहे. स्वयंपाकघर, काचा आणि बॉयलर पुढे बदलता येतात. पाया, जमिनीची मालकी आणि बागेची दिशा बदलता येत नाही.

प्रश्न: आइंडहोवनच्या वून्सेल भागातील 1960 च्या दशकातले एक रो-हाउस आम्हाला पसंत आहे. मागणी किंमत 4,50,000 युरो असून पुढे ‘कोस्टन कोपर’ असे लिहिले आहे. 4,80,000 युरोंपर्यंत जावे लागेल असे दिसते. माझे वय 33 आणि पतीचे 36 आहे. प्रत्यक्षात हाताशी किती रोख लागेल?

‘कोस्टन कोपर’ असे लिहिलेले असते तेव्हा हस्तांतराचा खर्च खरेदीदाराकडे असतो आणि त्यात सर्वांत मोठा वाटा हस्तांतरण कराचा असतो. स्वतः राहण्यासाठी घेतलेल्या घरावर हा कर 2 टक्के आहे, म्हणजे 4,80,000 युरोंवर 9,600 युरो. मात्र खरेदीदाराचे वय 18 ते 35 च्या आत असेल, त्याने ही सवलत पूर्वी घेतलेली नसेल, तो त्या घरात स्वतः राहणार असेल आणि घराची किंमत त्या वर्षीच्या मर्यादेत बसत असेल (2026 साठी ही मर्यादा 5,55,000 युरो आहे), तर त्याच्या हिश्श्यावर कर लागत नाही. घर निम्म्या-निम्म्या हिश्श्याने घेतल्यास आपला भाग करमुक्त राहील आणि पतीच्या भागावर 4,800 युरो भरावे लागतील. वय मोजले जाते ते नोटरीकडे हस्तांतर होते त्या दिवशीचे, करारावर सही केली त्या दिवशीचे नव्हे. म्हणून पस्तिसाव्या वाढदिवसाच्या जवळ आलेल्यांनी ताब्याची तारीख ठरवतानाच हे पाहून घ्यावे.

कराहूनही मोठी रक्कम पुष्कळदा दुसरीकडेच निघते. बँक घराच्या मूल्यांकनाच्या 100 टक्क्यांपर्यंतच कर्ज देते, बोलीच्या नव्हे. मूल्यांकनकाराने घराची किंमत 4,65,000 युरो धरली, तर वरचे 15,000 युरो आपल्या खिशातून जातील. याखेरीज नोटरी, मूल्यांकन, कर्जसल्लागार आणि खरेदीसाठी नेमलेला दलाल यांचे शुल्क मिळून आणखी काही हजार युरो लागतात. त्यांपैकी कर्जाशी थेट संबंधित खर्च आयकरात वजा करता येतो. हस्तांतरण कर येत नाही.

आणखी एक गोष्ट बोली लावण्यापूर्वीच कर्जसल्लागाराला विचारावी. राष्ट्रीय गृहकर्ज हमी घेतल्यास व्याजदर सहसा कमी मिळतो आणि नोकरी जाणे किंवा घटस्फोट अशा प्रसंगी काही संरक्षणही मिळते. परंतु या हमीला किमतीची मर्यादा असून 2026 साठी ती 4,70,000 युरो आहे. आपली बोली नेमकी याच रेषेच्या आसपास घोटाळत असल्यामुळे शेवटच्या काही हजारांचा निर्णय या हिशेबाविना घेऊ नये.

प्रश्न: उट्रेख्तमध्ये आमच्यापुढे दोन पर्याय आहेत: शहरात 1930 च्या दशकातले रंगीत काचांचे सुंदर घर किंवा लाइट्स राइनमधले अलीकडचे, काहीसे साधे घर. दोन लहान मुले आहेत. काय निवडावे?

1930 च्या दशकातील घरांचे सौंदर्य मीही मान्य करतो: पुढे बाहेर आलेली खिडकी, सरकत्या दारांनी जोडलेल्या दोन बैठकी आणि उंच छत. पण त्या काळच्या शेजारभिंती अनेकदा इतक्या पातळ असतात की पलीकडच्या जिन्यावरची पावलेही ऐकू येतात. बाहेरच्या भिंतीतील पोकळी रिकामी असते. वरच्या मजल्यावर एकेरी काच राहिलेली असते. घर पाहायला जाल तेव्हा दुपारच्या शांत वेळेवर समाधान मानू नका. संध्याकाळी, शेजारी घरी असताना, पुन्हा एकदा जाण्याची परवानगी मागा.

लाइट्स राइन हा विसाव्या शतकाच्या अखेरीपासून वसलेला भाग आहे. तिथली घरे उष्णतारोधनाच्या बाबतीत निःसंशय उजवी असली, तरी त्यांना घरोघरी गॅस नसून सामुदायिक उष्णतापुरवठा, म्हणजे एका केंद्रातून नळांवाटे घरोघरी येणारे गरम पाणी, आहे, आणि हा पुरवठादार विजेच्या कंपनीसारखा बदलता येत नाही. त्यामुळे मालकाकडून गेल्या दोन वर्षांची उष्णतेची बिले मागून घ्यावीत.

ऊर्जा-लेबल, म्हणजे घर ऊर्जा किती वाचवते हे सांगणारी श्रेणी (‘ए’ चांगली, ‘जी’ वाईट), या दोहोंत आणखी एक फरक पाडते. विक्रीच्या वेळी लेबल देणे बंधनकारक असून 2024 पासून बँका कर्जाची मर्यादा ठरवतानाही ते विचारात घेतात: ‘ए’ किंवा ‘बी’ लेबलच्या घरासाठी उत्पन्नानुसार ठरलेल्या मर्यादेहून 10,000 युरो अधिक मिळू शकतात, तर ‘ई’, ‘एफ’ आणि ‘जी’ लेबलच्या घरांना अशी वाढ मिळत नाही. मात्र अशाच घरांना ऊर्जाबचतीच्या कामांसाठी म्हणून 20,000 युरोंपर्यंत जादा कर्जाची सोय आहे. जुन्या घराची खरी तुलना म्हणूनच किंमत अधिक सुधारणांचा खर्च अशी करावी. लहान मुले आणि मर्यादित शिल्लक असताना, दोन्ही घरांचा पाया ठीक असल्यास, मी नवे घर सुचवेन.

प्रश्न: रॉटरडॅममध्ये 1920 च्या सुमाराचे घर मागणी किमतीने स्वस्त वाटते. दलाल म्हणतो की भिंतीतल्या भेगा जुन्या आहेत. पायाविषयी कितपत काळजी करावी?

पूर्ण काळजी करावी. या एका प्रश्नाला मी बाकी सर्वांपेक्षा अधिक जागा देतो, कारण या चुकीची किंमत कुटुंबाला दहा-दहा वर्षे फेडावी लागते.

पश्चिम नेदरलँड्समध्ये वरचा थर चिकणमाती आणि पीट यांचा, म्हणजे दबणाऱ्या जमिनीचा असल्यामुळे जुनी घरे खोलवरच्या वाळूच्या थरापर्यंत ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभी केली आहेत. हे लाकूड भूजलाखाली पूर्ण बुडालेले असते तोवर बुरशी त्याला धरत नाही. पाणी काही काळ खाली गेले आणि खांबांची डोकी उघडी पडली की हवेच्या संपर्काने ती कुजू लागतात. गळक्या गटारवाहिनीत भूजल झिरपून जाणे किंवा कोरडा उन्हाळा, कारण काहीही असो. पाइनच्या खांबांना तर पाण्याखालीही जिवाणूंचा त्रास होतो. शिवाय आजूबाजूची माती खचताना खांबांना आपल्यासोबत खाली ओढते. रॉटरडॅम, ॲम्स्टरडॅम, हार्लेम, गौडा, झानडॅम या शहरांत हा प्रश्न जुना आणि सर्वश्रुत आहे. आइंडहोवनची जमीन मात्र वाळूची असल्यामुळे तेथील बहुतेक घरे थेट जमिनीवरच्या उथळ पायावर सुरक्षित उभी आहेत. एका शहरातील मित्राचा अनुभव दुसऱ्या शहराला लावू नये, तो यासाठीच.

रो-हाउसच्या बाबतीत यात आणखी एक अडचण आहे. सलग ओळीतील घरांची बांधणी एकमेकांत गुंतलेली असते आणि शेजारभिंतीखालचा पाया दोघांचा असतो. एकट्याने दुरुस्ती करणे बहुधा शक्य नसते आणि शक्य असले तरी शहाणपणाचे नसते. संपूर्ण ओळीतील मालकांचे एकमत व्हावे लागते आणि खर्च प्रत्येक घरामागे सहज लाख युरोंच्या आसपास जातो. साधी इमारत-विमा पॉलिसी हा खर्च देत नाही.

घर पाहताना समोरच्या पदपथावर उभे राहून विटांच्या आडव्या रेषा ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेने तपासा. रेषा आपल्या घरापाशी झुकते का? खिडक्यांच्या कोपऱ्यांतून पायऱ्यांसारख्या भेगा चढतात का? आतील दारांच्या वरच्या कडा रंध्याने तिरक्या तासल्या आहेत का? तासलेले दार हे फार बोलके असते, कारण चौकट वाकडी झाल्याखेरीज कोणी ते तसे तासत नाही. भेग जुनी आहे एवढे पुरेसे नाही. ती वाढते आहे का, हे मोजमापांवरूनच कळते. त्यामुळे विक्रेत्याकडे पाया-तपासणीचा अहवाल मागा, नगरपालिकेकडे त्या ओळीविषयी काय नोंद आहे ते विचारा, आणि दोन्हीकडे दार ठोठावून शेजाऱ्यांशी बोला. अहवाल नाही आणि तपासणीला परवानगीही नाही असे उत्तर आल्यास हे घर सोडून द्यावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

प्रश्न: 1970 च्या आसपासचे घर पाहिले. स्थापत्य-तपासनीसाला दाराजवळच्या झाकणातून खाली उतरायचे होते, पण विक्रेत्याला ते फारसे आवडले नाही. त्याची खरोखर गरज आहे का?

आहे. प्रवेशदाराच्या पायपुसण्याखाली सहसा एक चौकोनी झाकण असते आणि त्याखाली रांगत जाण्याएवढी पोकळी असते. घराचे आरोग्य तिथे दिसते: साचलेले पाणी, ओल, जुन्या वाहिन्या, तळाचे उष्णतारोधन. त्या काळातील घरांत विशेषतः तळमजल्याच्या जमिनीतील तयार काँक्रीटच्या पट्ट्या खालून पाहाव्या लागतात, कारण 1965 नंतरच्या सुमारे दीड दशकात बसवलेल्या ‘क्वायटाल’ आणि ‘मांटा’ या प्रकारांत काँक्रीट लवकर घट्ट व्हावे म्हणून क्लोराइड मिसळले जात असे, आणि त्यामुळे आतील लोखंड गंजून काँक्रीट फुटते. हा दोष वरून, लाकडी फरशीवर उभे राहून, दिसत नाही. ॲस्बेस्टॉसवर बंदी 1993 मध्ये आली. त्याआधीच्या घरात ते गच्चीच्या पत्र्यात किंवा धुराड्यात असू शकते आणि करारात त्याची जबाबदारी आपल्यावर टाकणारे कलमही असेल.

डच कायद्यात विक्रेत्याने माहीत असलेले दोष सांगायचे असतात, तसेच खरेदीदारानेही चौकशी करायची असते. झाकण उघडून पाहिले नाही तर पुढे तक्रार करताना आपली बाजू लंगडी पडते.

प्रश्न: बंद लिफाफ्यात एकच बोली द्यायची आहे. आमचा दलाल सुचवतो की तपासणीची आणि कर्जाची अट काढून टाकली तर जिंकण्याची शक्यता वाढेल. काढावी का?

तपासणीची अट काढायची असेल तर बोलीच्या आधीच तपासनीस पाठवावा. त्याचे काही शे युरो वाया गेले तरी चालतील; त्यातून विक्रेत्याला विनाअट बोली मिळते आणि आपल्याला माहिती. विक्रेता त्यालाही नकार देत असेल तर अट ठेवावी.

कर्जाची अट काढणे ही निराळी गोष्ट आहे. करारानंतर साधारणपणे किमतीच्या 10 टक्के रक्कम किंवा तेवढी बँक हमी जमा करावी लागते आणि कर्ज न मिळाल्याने आपण मागे फिरलात तर तेवढाच दंड होऊ शकतो. 4,80,000 युरोंच्या घरावर तो 48,000 युरो होतो. नोकरी तात्पुरत्या कराराची असेल किंवा वास्तव्य परवान्याची मुदत जवळ आली असेल, तर ही अट कधीही काढू नये.

दोन संरक्षणे आपल्याकडे राहतात. राहत्या घराचा व्यवहार लेखी करारावर दोघांच्या सह्या झाल्याशिवाय बंधनकारक होत नाही, आणि सह्या झालेली प्रत हाती पडल्यानंतर खरेदीदाराला कारण न देता माघार घेण्यासाठी तीन दिवस मिळतात. तोंडी होकारावर मात्र आपणही विसंबू नये, कारण सहीपर्यंत विक्रेताही मोकळाच असतो.

प्रश्न: जाहिरातीत 118 चौरस मीटर राहण्याचे क्षेत्र लिहिले आहे. माळाही धरला आहे का?

माळ्यावर कायमचा जिना असेल, तर छताची उंची दीड मीटरहून अधिक आहे तेवढाच भाग राहण्याच्या क्षेत्रात धरतात. छतातून खाली ओढायची घडीची शिडी असेल तर माळा त्यात येत नाही. मोजणीचा अहवाल मागितल्यास मिळतो.

प्रश्न: ॲम्स्टरडॅममधील एका घराची जमीन नगरपालिकेची आहे असे कळले. हे टाळावे का?

टाळण्याचे कारण नाही, समजून घेण्याचे आहे. ॲम्स्टरडॅममध्ये ही भाडेपट्ट्याची पद्धत 1896 पासून आहे आणि शहरातील असंख्य घरे अशाच जमिनीवर आहेत. पट्टा कोणत्या वर्षापर्यंत भरून टाकला आहे, त्यानंतरची रक्कम कशी ठरेल आणि तो कायमस्वरूपी करून घेतला आहे का, ही तीन उत्तरे लेखी घ्यावीत. पट्ट्याची मुदत सात-आठ वर्षांत संपत असेल तर बोलीत तो भार वजा करूनच आकडा लिहावा.

प्रश्न: नाशिकहून आईवडील काही रक्कम देऊ इच्छितात. अडचण येईल का?

आईवडील भारतातच राहत असतील आणि त्यांचे कधी नेदरलँड्समध्ये वास्तव्य नसेल, तर भेट म्हणून दिलेल्या या रकमेवर डच भेट-कर लागत नाही. भारतातून पैसे पाठवण्यास रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत प्रत्येक निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात 2,50,000 अमेरिकी डॉलरची मर्यादा आहे, आणि भेट म्हणून पाठवलेली रक्कम वर्षाला 10 लाख रुपयांच्या वर गेली की त्यावरील भागावर बँक 20 टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) कापते. हा कर नंतर त्यांच्या विवरणपत्रात समायोजित होतो. तोवर रक्कम अडकून राहते, म्हणून 31 मार्चच्या अलीकडे आणि पलीकडे अशा दोन हप्त्यांत पाठवण्याचा विचार करावा.

डच नोटरी आणि बँक दोघेही पैशाचा उगम विचारतात. भेटपत्र, आईवडिलांच्या खात्याचे उतारे आणि रक्कम मुदतठेव मोडून किंवा जमीन विकून आली असल्यास त्याची कागदपत्रे इंग्रजीत तयार ठेवावीत. नोटरीसमोरचा दस्तऐवज डचमध्ये असतो आणि ती भाषा पुरेशी समजत नसल्यास दुभाषी उपस्थित असावा लागतो. त्याची वेळ नोटरीच्या कार्यालयाकडून सहीच्या तारखेबरोबरच निश्चित करून घ्यावी.