गजकर्ण परत येतंय ते रक्तामुळे नाही, ट्यूबमुळे

भाऊ, वडिलांच्या कमरेला आणि जांघेत दोन वर्षांपासून गजकर्ण आहे, मेडिकलवरची ट्यूब लावली की आठ दिवसांत जातं, सोडली की दुप्पट होऊन येतं, आणि गावातले म्हणतात 'रक्त खराब झालंय', असं तुम्ही लिहिलंय. रक्ताचा इथे काडीचाही संबंध नाही. त्वचारोगाच्या ओपीडीत नर्स म्हणून मी 22 वर्षं काढली. परभणी-हिंगोलीकडच्या कितीतरी पेशंटच्या पिशवीतून दाबून चपट्या झालेल्या अशाच ट्यूबा निघायच्या.

कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. खालच्या थरात नवी पेशी तयार होते, वर सरकत सरकत केराटिनने (नखं-केसांतही असणाऱ्या चिवट प्रथिनाने) भरते, मरते आणि साधारण चार आठवड्यांनी गळून पडते. गजकर्णाची बुरशी या केराटिनवरच जगते. ती रक्तात उतरत नाही, म्हणून 'रक्त शुद्ध करणारी' बाटली पाजून उपयोग नाही. खाज आणि लाली ही शरीराने तिच्याविरुद्ध चालवलेली झुंज असते.

आता ट्यूबचं. तिच्यावर क्लोबेटासोल, बीटामेथासोन असं काही लिहिलंय का बघा. ते स्टेरॉइड. ते झुंज थांबवतं, म्हणून खाज बसते. बुरशी मात्र मोकाट सुटते. चट्ट्याची गोल कडा पुसट होते, मग डॉक्टरलाही चटकन ओळखू येत नाही. जांघेची कातडी मुळातच पातळ आणि घडीतली, तिथे औषध जास्त शोषलं जातं. महिनोन्‌महिने लावलं की कातडी आणखी पातळ होते आणि लालसर भेगांसारखे पट्टे उमटतात. ते कायमचे राहतात. 2018 साली सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती सर्रास मिळतात, याचा मला अजून संताप येतो.

ट्यूब बंद केल्यावर काही दिवस खाज वाढेल. घाबरून परत लावू नका, आणि रॉकेल-चुनाही नको. त्याने भाजून फोड आलेले पेशंट मी ड्रेसिंगला घेतलेत. त्वचारोगतज्ज्ञ ब्लेडने थोडा कोंडा खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतील. गोळ्या कोणत्या, किती आठवडे, ते लिव्हर आणि बाकीची औषधं बघून तेच ठरवतील. त्यांनी दिलेलं बुरशीचं मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटांपर्यंत लावायचं. डाग दिसेनासा झाला तरी सांगितलेले दिवस पुरे करायचे. शुगरही एकदा तपासून घ्या.

एक गोष्ट कुणी सांगत नाही: करदोडा. वडिलांच्या कमरेला असेल तर काढा. घामाने ओला दोरा दिवसभर त्याच जागी घासतो, बुरशीही त्यात टिकून राहते. एका आजोबांचा चट्टा बरोबर दोऱ्याच्या रेषेतच पट्ट्यासारखा फिरला होता. श्रद्धेचा प्रश्न असेल तर बरं झाल्यावर नवा बांधा. टॉवेल वेगळा, कपडे उन्हात उलटे करून वाळवा. पाण्याची टंचाई कळते, पण निदान आतले कपडे रोज धुवा. घरात आणखी कुणाला खाजत असेल तर त्यांचेही उपचार सोबतच करा, नाहीतर ते घरातल्या घरात फिरत राहील.

आणि एखादा चट्टा खाजतच नसेल, तिथे टोचलेलं कळत नसेल, तर ते गजकर्ण समजू नका. कुष्ठरोगाची तपासणी लगेच करा. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि वेळेत घेतलं तर माणूस पूर्ण बरा होतो.

डॉक्टरकडे जाताना ती चपटी ट्यूब फेकू नका, सोबत न्या.